गजाभाऊंचे डोळे शाबूत होते

आमच्या चाळीच्या मंडळाने यंदा गजानन घाडी यांच्या स्मरणार्थ कॅरम स्पर्धा ठेवली. भोईवाड्याच्या नाक्यावर मोठा फ्लेक्स लागला. त्यावर गजाभाऊंचा काळा चष्मा घातलेला फोटो आणि खाली ओळ, 'दृष्टी अधू झाली, पण जिद्द हरली नाही.' उद्घाटनाला माइक हातात असलेल्या मुलाला ही ओळ इतकी आवडली होती, की मधे मधे पाण्याचा टँकर आल्याची सूचना देतानाही तो ती म्हणून घेत होता. मग त्याने जाहीर केलं, "आता गजाभाऊंचे जुने मित्र आणि प्रतिस्पर्धी तांबे सर दोन शब्द बोलतील."

मी दोन शब्द बोललो. दोन्ही खोटे होते.

कार्यक्रम संपल्यावर खुर्च्या गोळा होत होत्या, तेव्हा गजाभाऊंच्या पत्नी, आमच्या वहिनी, माझ्याजवळ आल्या. हळूच म्हणाल्या, "मास्तर, तुमी शेवटाक त्यांच्यासोबत होतात म्हणून इचारतंय. त्यांका माजो चेरो तरी दिसत होतो मां?"

बाजूला लोक होते. मी "हो हो, दिसत होता" असं म्हणालो आणि चपला शोधायला लागलो. वहिनींचा त्यावर विश्वास बसला नाही. माणसाने चपला शोधत दिलेल्या उत्तरावर कोण विश्वास ठेवील? म्हणून हे लिहायला बसलो आहे. गजाभाऊंचे डोळे शेवटच्या दिवसापर्यंत उत्तम होते. त्यांच्यात बिघडलं ते दुसरंच काही. ते कोणी बिघडवलं हे चाळीत फक्त मला माहीत आहे, कारण तो मीच.

पण आधी गजाभाऊ.

गजाभाऊ मालवणकडचे. परळच्या एका गिरणीत साच्यावर, म्हणजे मागावर, होते. गिरणी बंद पडली, तिच्या जागेवर काचेचं ऑफिस उभं राहिलं, आणि गजाभाऊ त्याच जागेवर लिफ्टमन म्हणून लागले. "आधी आडवो चालत होतंय, आता उभो चालतंय," असं ते सांगायचे, आणि सांगून झाल्यावर आपल्या विनोदाला स्वतःच आधी हसायचे, म्हणजे समोरच्याला किती हसायचं याचा अंदाज येई. बुटके, गोल, गंजीफ्रॉक आणि लेंगा. चष्मा कायम कपाळावर. तो डोळ्यांवर आणण्याचा प्रसंग फक्त पेपरातल्या राशिभविष्यासाठी यायचा, आणि भविष्य वाईट असेल तर ते तो लगेच परत वर ढकलायचे.

गिरणीत तुटलेल्या सुताला गाठ मारताना ते कधी गाठीकडे बघायचे नाहीत म्हणे. एका साच्यावर गाठ, नजर दुसऱ्या साच्यावर, आणि तोंडाने पलीकडच्या माणसाशी गप्पा. त्या आवाजात ऐकू काय येणार, म्हणून त्या गप्पाही ओठ बघून. मी एकदा विचारलं, "न बघता गाठ कशी मारता हो?" तेव्हा ते म्हणाले, "हाताक इचारू नको, मास्तर. तो कामात आसा."

हे त्यांचं आवडतं वाक्य. मी ते शेकडो वेळा ऐकलं. मी शाळामास्तर, दुसऱ्याचं वाक्य ऐकून त्यातून काही शिकायची मला सवय नव्हती.

घरात कोलंबी सोलण्याचं काम गजाभाऊंकडे होतं. संध्याकाळी टीव्हीवर मालिका लागली की ते पुढ्यात कोलंबीची परात, एका बाजूला पातेलं, दुसऱ्या बाजूला जुना पेपर असा थाट मांडून बसायचे. डोळे पडद्यावर. मालिकेतल्या सुनेला सासू घराबाहेर काढायची, आणि गजाभाऊंच्या डोळ्यांतून खरोखरच पाणी यायचं. ते पुसायलाही हात मोकळा नसे. खाली हात आपले डोकं मोडतायत, साल काढतायत, काळा दोरा ओढतायत. कोलंबी पातेल्यात, साल पेपरवर. वर रडारड, खाली कामकाज. दोघांचा एकमेकांशी काही संबंध नाही. मी चहाला गेलो की टीव्ही सोडून ते हातच बघत बसायचो.

एके दिवशी पाहुणे येणार होते. वहिनी घाईत होत्या. त्या ओट्याकडून ओरडल्या, "अवो, जरा बगून सोला! माणसां जेवूक येतत!"

गजाभाऊंनी टीव्हीवरून नजर काढली आणि हातातल्या कोलंबीकडे पाहिलं. तिची आणि त्यांची कोणी आत्ताच ओळख करून दिली असावी, असं पाहिलं. तिला उलटी केली, सुलटी केली. मग अगदी बारकाईने, जीभ दातांत धरून, त्यांनी तिची साल काढली आणि साल पातेल्यात टाकली. कोलंबी पेपरवर. पुढचीही तशीच. पुढे किती वेळ हे चाललं कोणास ठाऊक, कारण मी आणि वहिनी दोघंही मालिका बघायला लागलो होतो; सून परत आली होती. वहिनींनी पातेलं चुलीवर ठेवताना आत बघितलं तेव्हा गॅलरीतलं मांजर पेपरावर जेवून तृप्त झालं होतं. पाहुण्यांना त्या दिवशी अंड्याची आमटी मिळाली. त्यानंतर वहिनींनी "बगून करा" हा शब्द घरात कधी उच्चारला नाही.

लिफ्टमधली गोष्ट त्यांनी स्वतःच सांगितलेली आहे, म्हणजे निम्मी धरावी. लिफ्टमध्ये शिरलेल्या माणसाला "कितवा मजला?" असं त्यांनी कधी विचारलं नाही. माणूस आत आला की त्याची नजर बटणांवर जाते. "बटण माणूस आधी डोळ्यान् दाबता," गजाभाऊ म्हणायचे, "मी बोटान् दाबतंय, इतकाच." आणि तेही बटणाकडे न बघता, माणसाच्या तोंडाकडे बघत. एका साहेबाला हे कळलं. त्याने यांची परीक्षा घ्यायचं ठरवलं. जायचं होतं नवव्या मजल्यावर, पण आत येऊन तो चाराच्या बटणाकडे टक लावून उभा राहिला. गजाभाऊंनी नऊ दाबलं. साहेब चाट पडला. गजाभाऊ म्हणाले, "साहेब, चाराकडे तुम्ही बघत होतात. नवाकडे तुमचा डोळा आपोआप जाऊन आला."

"त्याने बक्षीस दिलं?" मी विचारलं.

"नाय रे. दुसऱ्या दिवसापासून तो जिन्यान् जाऊक लागलो. म्हणता, ह्यो माणूस बरो नाय."

आता अशा माणसाशी कॅरम खेळायचं म्हणजे काय, याची कल्पना करा.

आमचा बोर्ड दुसऱ्या मजल्याच्या पॅसेजमध्ये, ट्यूबलाइटच्या खाली. गजाभाऊंच्या दाराला लागूनच, त्यामुळे चहाची सोय. ते खेळायला बसले की तोंड एकदा सुरू व्हायचं ते शेवटची सोंगटी पडेपर्यंत. गावच्या जत्रेत कोण कोणाशी भांडलं, सोसायटीच्या मीटिंगमध्ये बिल्डरचा माणूस काय खोटं बोलला, आज बाजारात बांगडा कसला शिळा होता. मधेच एकदा सोंगटीकडे बघायचे, एकदा पॉकेटकडे, आणि बोट सुटायचं. बोट सुटेपर्यंत डोळे दुसरीकडे पोचलेले असायचे. सोंगटी पडलेली त्यांनी बहुधा कधी बघितलीच नाही. ते आवाज ऐकायचे. "पडताना बघलंस तर ती लाजता," म्हणायचे.

आणि समोरच्याची नजर कुठे जाते ते बघून त्याचा डाव त्याच्याआधी ओळखायचे. "मास्तर, तुजो डोळो चुगली करता," हे मी चाळीत राहायला आलो त्या वर्षापासून ऐकत आलो. मी कोपऱ्यातली सोंगटी घ्यायचं मनात आणलं की पुढच्या डावात गजाभाऊंनी तिथे आपली एक आणून उभी केलेली असायची, एखाद्या घरमालकासारखी.

ही कीर्ती वरळी कोळीवाड्यापर्यंत गेली. तिथला जयवंत म्हणून एक खेळाडू होता, आडदांड, बोटाने नुसत्या टिचक्या मारल्या तरी बोर्ड हलेल असा. तो एका गणपतीत आमच्याकडे खेळायला आला तो काळा गॉगल लावून. नजर दिसू नये म्हणून. सोबत चार पोरं, तीही त्याच्याकडे बघून खूश. गजाभाऊंनी त्याला वरपासून खालपर्यंत बघितलं आणि आत ओरडले, "अगो, चाय ठेव. हिरो इलो हा!"

जयवंतकडे काळ्या सोंगट्या होत्या. पॅसेजमधला ट्यूबलाइट आधीच अर्धमेला, त्यात गॉगल. जयवंतने जोरात, झोकात एक काळी घेतली. ती राणी होती. राणीनंतर आपली एक सोंगटी घ्यावी लागते, नाहीतर राणी परत बोर्डावर येते. त्याला राणी घेतल्याचाच पत्ता नव्हता, तर सोंगटी कसली घेतोय? त्याने पुढचा शॉट आरामात वाया घालवला. राणी परत आली. थोड्या वेळाने त्याने ती पुन्हा घेतली, पुन्हा तितक्याच झोकात.

"जयवंता," गजाभाऊ म्हणाले, "चष्मो काढ. राणीची बदनामी होता हा."

सगळा पॅसेज हसला. जयवंतने गॉगल काढला, डोळे मिचकावले आणि नेमकं डाव्या पॉकेटकडे पाहिलं. गजाभाऊंनी पुढच्याच डावात डाव्या पॉकेटच्या तोंडावर आपली सोंगटी लावली. हरल्यावर जयवंत त्यांच्या पाया पडला, आणि पुढे दर गणपतीत, विसर्जन झालं की दुसऱ्या दिवशी, पिशवीभर मासे घेऊन यायचा.

मी दर वर्षी हरायचो. उपांत्य फेरीत किंवा अंतिम फेरीत, एवढाच काय तो फरक. गजाभाऊ मला हरवायचे आणि नंतर चहा पाजायचे, आणि चहा पिताना मी कुठे चुकलो ते सांगायचे. हरणं मला सहन व्हायचं. चहा मात्र कडू लागायचा.

माझा एक दोष असा, की एखादी गोष्ट छान चालली आहे एवढ्यावर माझं भागत नाही. ती का चालली आहे ते समोरच्याला समजावून सांगेपर्यंत मला अन्न गोड लागत नाही. आयुष्यभर विज्ञान शिकवलं, त्याचा हा परिणाम. वर्गात मुलं निदान घंटा झाली की सुटायची. निवृत्त झाल्यावर घंटा गेली.

मुलीने मला नवा फोन दिला. त्यात हालचाल संथ करून दाखवण्याची सोय होती. मी आधी पंख्याचं शूटिंग केलं, मग कबुतराचं, मग उतू जाणाऱ्या दुधाचं. दुधाचं शूटिंग होईपर्यंत गॅस बंद करू दिला नाही, म्हणून घरातून हाकललो गेलो आणि फोन घेऊन पॅसेजमध्ये आलो. गजाभाऊ बोर्डावर एकटेच सराव करत होते. मंडळाची अंतिम फेरी त्याच आठवड्यात होती, आणि ती माझ्याशी होती.

मला शास्त्रीय कुतूहल होतं, हे खरं. पण त्या कुतूहलाला नेमका तोच आठवडा का सापडला, या प्रश्नाला मी अजूनपर्यंत बगल देत आलो.

मी त्यांचं शूटिंग घेतलं आणि त्यांना दाखवलं.

"हो टकलो कोण?" गजाभाऊ म्हणाले.

"तुम्हीच."

"मी? अगो, हंय ये! माजो चांद कवा एवढो वाढलो?"

वहिनी आल्या, बघून म्हणाल्या, "लग्नाच्या वर्सापासना वाढताच हा," आणि आत गेल्या. गजाभाऊ त्या टकलाने इतके हादरले होते, की खरं म्हणजे तिथेच सगळं मिटलं असतं. पण मी त्यांना मिटू दिलं नाही.

"टक्कल सोडा, डोळे बघा," मी म्हणालो. "आता नजर सोंगटीवर आहे. आता पॉकेटवर. आता बघा, बोट अजून हललंसुद्धा नाही, आणि नजर निघाली! पलीकडच्या सोंगटीवर गेली. मग बोट सुटतंय. गजाभाऊ, मारता त्या क्षणी तुम्ही बघतच नाही!"

एखादा नवा ग्रह सापडावा तसं मी हे सांगत होतो. गजाभाऊंनी पुन्हा लावायला सांगितलं. पुन्हा एकदा. कपाळावरचा चष्मा त्यांनी डोळ्यांवर आणला.

"म्हणजे मी मारतंय, तेव्हा मी हंय नसतंय?"

"बरोबर! तेव्हा तुमचा हात एकटाच असतो."

गजाभाऊंनी आपल्या तर्जनीकडे पाहिलं. त्या कोलंबीकडे पाहिलं होतं अगदी तसं. आणि हे मी ओळखलं. मांजर, पातेलं, अंड्याची आमटी, सगळं मला तिथे उभ्या उभ्या आठवलं. शहाणा माणूस म्हणाला असता, चला, चहा घेऊ. मी विचारलं, "तर्जनीने मारता, तेव्हा मधलं बोट कुठे ठेवता हो?"

अंतिम फेरीला पॅसेज भरला होता. गजाभाऊ आले, पावडर टाकली, बसले. पहिल्या शॉटला त्यांनी नेम धरला, सोंगटी बघितली, पॉकेट बघितलं, आणि नजर पुढे जाऊ लागली तशी त्यांनी ती धरून मागे बोटावर आणली. बोट सुटलं. स्ट्रायकर सोंगटीच्या बाजूने गेला आणि सरळ पॉकेटात जाऊन बसला. लोकांना वाटलं, गंमत करतायत. दुसऱ्या खेपेला स्ट्रायकर बोर्डाबाहेर उडाला आणि पहिल्या रांगेतल्या पोळेकाकांच्या चहात पडला. तेव्हाही हसले. मग हळूहळू हसू थांबलं, कारण गजाभाऊ बोलत नव्हते. जत्रा नाही, बिल्डर नाही, बांगडा नाही. मान खाली घालून नुसते बोटाकडे बघत होते. परीक्षेला बसलेल्या मुलाकडे त्याच्या आईने बघावं तसे.

मी जिंकलो. कप घेतला. कुणीतरी विचारलं, "गजाभाऊंना आज काय झालं, सर?" जिंकलेल्या माणसाला मोठ्या मनाचं व्हायची फार घाई असते. मी गजाभाऊंच्या खांद्यावर हात ठेवून म्हणालो, "डोळे हो. वय झालं. दिसत नाही त्यांना आता नीट."

चाळीत खालच्या मजल्यावर बोललेलं वरच्या मजल्यावर आपल्या आधी पोचतं. संध्याकाळी त्यांचा मुलगा प्रदीप माझ्या दारात. "काका, बाबांना दिसत नाही हे तुमच्या लक्षात आलं, आमच्या नाही आलं. डॉक्टरकडे तुम्ही पण चला. तुम्हाला नीट सांगता येईल."

गेलो. नीट सांगायला गेलो! डॉक्टरांनी गजाभाऊंना भिंतीवरचा तक्ता वाचायला सांगितला. त्यांनी वरपासून शेवटच्या ओळीपर्यंत न अडखळता वाचला आणि विचारलं, "खाली छापखान्याचा नाव आसा, ता पन वाचू?"

"आजोबा, तुमची नजर माझ्यापेक्षा चांगली आहे," डॉक्टर म्हणाले.

"पण डॉक्टर, बोर्डावरची सोंगटी दिसत नाही त्यांना," प्रदीप म्हणाला.

"कोण म्हणालं?"

प्रदीपने माझ्याकडे पाहिलं. गजाभाऊंनीही पाहिलं. आणि त्या नजरेत तक्रार नव्हती. उलट आशा होती. डोळेच गेले असतील तर बरं, त्याला इलाज आहे, असं ती नजर म्हणत होती. मी म्हणालो, "म्हणजे, कधी कधी... थोडं धूसर..."

डॉक्टरांनी पुन्हा तपासलं. डाव्या डोळ्यात थोडा मोतीबिंदू होता, या वयात असतोच, घाई नव्हती. "आहे ना? मग काढूनच टाका," प्रदीप म्हणाला. ऑपरेशन झालं. फ्लेक्सवर आहे तो फोटो तेव्हाचा. गजाभाऊ काळा चष्मा लावून गॅलरीत बसले होते, आणि नेमका जयवंत मासे घेऊन आला. तो त्यांच्यासमोर उभा राहिला, कमरेवर हात ठेवले आणि म्हणाला, "काय गजाभाऊ? आता कळला का माझा त्या दिवशी काय झाला होता?"

त्या दिवशी गजाभाऊ पुष्कळ दिवसांनी मोठ्याने हसले.

ऑपरेशननंतर त्यांना समोरच्या इमारतीवरच्या पाटीवरची धूळसुद्धा दिसायला लागली. स्ट्रायकर मात्र जिकडे जायचा तिकडेच जायचा. त्यांनी सगळे उपाय केले. डोळे मिटून मारून पाहिलं. डाव्या हाताने मारून पाहिलं. पावडर बदलली, पाट बदलला. एकदा तर टीव्ही पॅसेजमध्ये आणून मालिका बघत बघत खेळून पाहिलं, पण आता डोळे पडद्यावर असले तरी मन बोटावर होतं. शेवटी बोर्ड भिंतीला उभा करून ठेवला. आणि ही कीड तिथेच थांबली नाही. सोलताना कोलंबीचा काटा बोटात जायला लागला. शर्टाची बटणं वर-खाली लागायची. वहिनी मला म्हणाल्या, "मास्तर, हल्ली जेवताना पन हाताकडे बगत रवतत. घास तोंडात जायसर थंड होता."

त्यांना खरं सांगावं म्हणून मी किती वेळा त्यांच्या दारापर्यंत गेलो. सांगणार काय? की तुमचे डोळे ठीक आहेत, मीच मुद्दाम तुमचं लक्ष बोटाकडे नेलं? म्हणजे पुन्हा बोटच. प्रत्येक वेळी मी चहा पिऊन परत आलो. माझ्या शोकेसमधला कप बघितला की वाटायचं, मी त्यांच्यासाठी गप्प आहे की या पत्र्यासाठी, हे मलाच एकदा कळलं तर बरं.

मग गजाभाऊंना हृदयाचं दुखणं निघालं. परळच्याच एका हॉस्पिटलात ठेवलं. ते गेले त्याच्या आदल्या दुपारी मी त्यांच्याकडे गेलो होतो, आणि या वेळी ठरवून गेलो होतो. माझंही वय झालं होतं; हे ओझं घेऊन मलाही जायचं नव्हतं.

ते उशीला टेकून बसले होते. पुढ्यात जेवणाचं सरकतं टेबल, त्यावर पाण्याची बाटली, गोळ्यांची पाकिटं आणि पलीकडच्या टोकाला शिऱ्याची रिकामी स्टीलची वाटी, आडवी पडलेली. बाटलीचं निळं झाकण त्यांच्या हाताशी होतं.

"गजाभाऊ, एक बोलायचं होतं," मी म्हणालो. "तो फोनवरचा व्हिडिओ..."

"मास्तर, हंयचो शिरो खाल्लंस?" ते म्हणाले. "साखर घालतत ती पेशंटची प्रकृती बगून. माका वाटता माजी लय वाईट आसा. आणि ह्यो बाजूवालो बघ, रात्रभर घोरता आणि सकाळी नर्सेक सांगता झोप नाय लागली."

बऱ्याच दिवसांनी तोंड सुरू झालं होतं. मी वाट पाहिली. ते थांबेनात. बाजूवाल्याचा जावई, जावयाची गाडी, गाडीचा हप्ता. बोलता बोलता त्यांची नजर एकदा वाटीकडे गेली. तर्जनी झाकणामागे येऊन बसली. मी बघत होतो. आणि त्याच वेळी वॉर्डच्या दुसऱ्या टोकाला दार उघडलं, आणि गजाभाऊंची नजर वाटी सोडून तिकडे गेली.

वहिनी आल्या होत्या. हातात डबा. मधे खाटांची लांबलचक रांग, पेशंट, नातेवाईक, सलाइनचे स्टँड. मला तर कोणीतरी बाई आली आहे एवढंच दिसत होतं.

"इली बघ," गजाभाऊ म्हणाले. "तोंडावर लिवलेला आसा. आज पन भोपळोच आणल्यान."

त्यांचे डोळे वहिनींच्या चेहऱ्यावर होते आणि ते हसत होते. खाली बोट सुटलं. झाकण टेबलाच्या उभ्या कडेवर आपटलं, वळलं, बाटली आणि गोळ्यांच्या पाकिटांच्या फटीतून निघालं आणि थेट वाटीत गेलं. टण्ण आवाज झाला.

माझं तोंड उघडलं. गजाभाऊंनी आवाज ऐकला, पण वाटीकडे बघितलं नाही. माझ्याकडे बघितलं.

"काय रे? काय बगतंस?"

"काही नाही," मी म्हणालो.

"मग सरक थोडो. तिका बसूक दी."

मी सरकलो. वहिनी बसल्या, डबा उघडला. भोपळाच होता.